तारेशिवाय ऊब, तारेशिवाय गारवा

अंधारावर माणसाने फार पूर्वी तोडगा काढला. पणती, टेंभा, कंदील, बत्ती असे काहीही हातात धरले की उजेड बरोबर चालतो. ऊबही नेता येते, पण जपून, कारण तिच्याबरोबर आग किंवा आगीचा अंश असतो. गारव्याचे प्रकरण याहून अवघड. गारवा पेटवता येत नाही. आतली उष्णता काढून कुठेतरी टाकावी लागते, आणि ती पुन्हा आत शिरू नये म्हणून दिवसभर राखण करावी लागते. विजेच्या फ्रिजने ही हमाली इतक्या मुकाट्याने केली की अशी काही हमाली असते हेच दोन पिढ्या विसरून गेल्या. वीज नसलेल्या जागी ती आजही कोणाला तरी करावी लागते. ती कशी करतात आणि अधिक चांगली कशी करता येईल, हा या पुस्तकाचा विषय.

पुस्तकाचा भर उचलून नेता येणाऱ्या साधनांवर आहे. घर गार ठेवणारे वाडे, जाळ्या, कौलारू छपरे, इराणातल्या यझद शहराचे वारा पकडणारे मनोरे हा वेगळा आणि मोठा विषय आहे. इथे आपल्यासमोर आहेत ती घर सोडून निघालेली किंवा घरात तार न पोहोचलेली माणसे: डोंगरावर कळप घेऊन गेलेला मेंढपाळ, लशींची पेटी खांद्यावर घेऊन पाड्यावर निघालेली परिचारिका, मासळीची पाटी घेऊन बाजार गाठणारी बाई, रस्त्याच्या कामावरचे मजूर, पुरातून शाळेच्या खोलीत हलवलेले कुटुंब. त्यांना लागणारी ऊब किंवा गारवा फार मोठा नसतो. एका पेटीपुरता, एका अंथरुणापुरता, कधी एका तान्ह्या बाळापुरता. पण तो ठरलेल्या जागी, ठरलेले तास मिळावा लागतो.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने दोन आकडे आधी पाठ करावेत. एक लिटर पाणी हवेच्या नेहमीच्या तापमानाला उडून जाते, तेव्हा ते सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. म्हणजे उडणारे पाणी वितळणाऱ्या बर्फाच्या सातपट उष्णता ओढते. बाहेरून येणारी उष्णता तात्पुरती बाजूला ठेवली, तर दहा लिटरच्या माठातले पाणी दहा अंशांनी उतरवायला जेमतेम एक पेला पाणी उडावे लागते. इतके स्वस्त शीतकरण दुसरे नाही. मग बर्फ, अमोनिया, मेण, क्षार यांच्यामागे माणूस का लागला? कारण पाणी उडणे हवेच्या मर्जीवर असते. बर्फ कुठल्याही हवेत शून्यालाच वितळतो.

हवेच्या या मर्जीला मोजमाप आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला, की पारा उतरत उतरत एका जागी थांबतो. माठासारख्या, थेट पाणी उडवून गार होणाऱ्या कुठल्याही साधनाला त्याखाली जाता येत नाही. समजा मे महिन्यात नागपूरला हवा ४० अंश आणि आर्द्रता १५ टक्के आहे. ओल्या फडक्याचा पारा २१ अंशांच्या आसपास थांबेल. त्याच दिवशी मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के असेल, तर तो २८ च्या वर अडेल. विदर्भात एकोणीस अंशांची उतरण हाताशी आहे, किनाऱ्यावर पाचाच्याही आत. प्रत्यक्षातला माठ या सीमेच्या काही अंश वरच राहतो. विदर्भात माठातले पाणी घशाला गार लागते आणि कोकणात ते नुसते बरे लागते, यात कुंभाराचा काही दोष नाही. साधन चांगले की वाईट हा निकाल हवा आणि गरज पाहिल्याशिवाय देता येत नाही, हे मला या सगळ्या विषयाचे मर्म वाटते. पुस्तक वाचताना वाचकाने ते मनात धरावे.

पाणी उडवणाऱ्यांची परंपरा सर्वांत जुनी आणि सर्वांत पसरलेली. माठ, सुरई, रांजण, भिश्त्याची पखाल, ट्रकच्या पुढे लटकणारी कॅनव्हासची पिशवी, खिडकीवरचे वाळ्याचे पडदे ही सारी एकाच कुळातली. माठाकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. कुंभार मातीत राख आणि घोड्याची लीद मळतो. आव्यात भांडे भाजताना लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रे उरतात. त्यांतून पाणी बाहेरच्या अंगावर येते आणि तिथून उडते. भांडे फार भाजले तर छिद्रे मिटतात, कमी भाजले तर माठ गळतो. हा नेम कुंभार आव्याच्या धगीवरून साधतो. हल्ली ऑइलपेंटची नक्षी केलेले माठ बाजारात येतात. दिसायला ते देखणे असतात, पण रंगवलेल्या भागातून पाणी झिरपत नाही आणि तेवढा माठ निकामी होतो. जड पाण्याच्या गावात दुसऱ्या उन्हाळ्यात माठावर पांढरा थर चढतो. तो क्षारांचा असतो, छिद्रे बुजवतो आणि माठ गार करेनासा होतो. वाऱ्याच्या तोंडी, ओल्या वाळूवर, सावलीत माठ ठेवण्याची घरोघरची रीत भौतिकशास्त्राला अगदी धरून आहे. बंद कपाटात ठेवलेला माठ स्वतःच्याच वाफेत गुदमरतो.

याच कल्पनेची नवी रूपे गेल्या सव्वाशे वर्षांत जगभर पुन्हा पुन्हा निघाली. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला कूलगार्डी येथे १८९० च्या दशकात सोन्यासाठी माणसे धावली. तिथल्या कोरड्या वाळवंटात लोणी आणि मांस टिकवायला ओल्या गोणपाटाच्या भिंतींचे कपाट तयार झाले. वरच्या तबकातून पाणी गोणपाटावर झिरपत राही. उत्तर नायजेरियात कुंभारांच्या घराण्यातल्या मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने १९९० च्या दशकात दोन मडकी एकात एक ठेवून मधे ओली वाळू भरली आणि हे साधन गावोगाव पोहोचवले. वांगी आणि टोमॅटो दिवसांऐवजी आठवडे टिकू लागले. माल रोजच्या रोज खपवण्याची घाई कमी झाली, की रस्तोरस्ती विक्रीला पाठवल्या जाणाऱ्या मुलींना शाळेत जाता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. २००० साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात विटांच्या दुहेरी भिंतींत ओली वाळू भरून भाजीपाल्याची कोठी केली. गुजरातेत वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापती यांनी २००१ च्या भूकंपानंतर मातीचा कपाटवजा फ्रिज घडवला. या सगळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. उत्तर नायजेरियाच्या कोरड्या वाऱ्यात यशस्वी झालेले मडके श्रीवर्धनला किंवा मालवणला वाटले, तर पैसे वाया जातील आणि लोकांचा विश्वासही. विकासाच्या योजनांत असे अनेकदा होते. छायाचित्र चांगले येते, म्हणून साधन उचलले जाते आणि चुकीच्या हवेत नेऊन ठेवले जाते.

दुसरी परंपरा साठवणीची. ज्या वेळी आणि ज्या जागी थंडी फुकट मिळते तिथून ती उचलायची आणि गरजेच्या जागी पोहोचवायची. अलाहाबादच्या आसपास हिवाळ्यात उघड्या शेतात उथळ खड्डे खणून, त्यांत उसाची चिपाडे आणि पेंढा पसरून, वर मातीच्या पसरट थाळ्यांत पाणी ठेवत. हवा शून्याच्या वर असली तरी पहाटेपर्यंत थाळ्यांत बर्फ धरे. रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला ही रीत कळवली. निरभ्र रात्री जमिनीवरची वस्तू आकाशाकडे उष्णता फेकत राहते, ही मेख विल्यम वेल्स यांनी दवावरच्या १८१४ च्या ग्रंथात उलगडली. दोनशे वर्षांनी, २०१४ साली, स्टॅनफर्डच्या संशोधकांनी भर उन्हात ठेवूनही आसपासच्या हवेपेक्षा सुमारे पाच अंश गार राहणारा पातळ थर तयार केला. तत्त्व अलाहाबादच्या थाळीचेच. अकबराच्या दरबारात पाणी गार करायला सोरा वापरत, याची नोंद ‘आइन-ए-अकबरी’त आहे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषतो. खेळाडूच्या मुरगळलेल्या घोट्यावर दाबून ठेवतात ती थंड होणारी पिशवी याच जातीची.

बर्फाच्या व्यापाराची गोष्ट अनेकांनी सांगितली आहे, म्हणून थोडक्यात. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडरचे ‘टस्कनी’ जहाज बोस्टनहून सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले. विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी ते कलकत्त्याला लागले, तेव्हा शंभर टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. पुढे मुंबई आणि मद्रासलाही बर्फखाने उभे राहिले. मला या गोष्टीत जहाजापेक्षा बर्फाभोवतीचा भुसा मोलाचा वाटतो. जे बर्फाने साधले ते खरे तर भुशातल्या अडकलेल्या हवेने साधले. बर्फाच्या कारखान्यातली लादी आजही गोणपाटात आणि भुशात गुंडाळून मासळी बाजारात येते, गारीगारवाल्याच्या सायकलवरची पेटी जाड भिंतींची असते, आणि पॉटच्या आइस्क्रीमचे लाकडी पिंप तर या शास्त्राचा छोटा वर्गच. हातकांडीचा असा पॉट १८४३ मध्ये अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन यांनी नोंदवला. बाहेरच्या पिंपात बर्फाचे तुकडे आणि जाडे मीठ, आतल्या डब्यात आटवलेले दूध. मीठ पडले की बर्फ शून्याखालीच वितळू लागतो. योग्य प्रमाण साधले तर मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. वितळायला लागणारी उष्णता बर्फ दुधातून ओढतो. कांडी फिरवणाऱ्याच्या हाताला हळूहळू जड लागते तेव्हा आत दूध धरू लागलेले असते. मीठ कंजूषपणे घातले तर तासभर फिरवूनही आत लस्सीच राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर पॉट फिरवलेल्या पिढीला हे हाताने ठाऊक आहे. शाळेत तेच प्रकरण शिकवताना हा पॉट कोणी वर्गात का आणला नाही, याची मला खंत वाटते.

तिसरी परंपरा ऐकून नवखा वाचक थबकतो: आगीने थंड करणे. फ्रान्सच्या फर्डिनांड कारे यांनी १८५९ च्या सुमारास अमोनिया आणि पाण्याच्या जोडीवर चालणारे यंत्र केले. पाण्यात मुरलेला अमोनिया तापवून बाहेर काढायचा, गार करून त्याचा द्रव करायचा, मग तो द्रव पुन्हा उडू द्यायचा. उडताना तो भोवतालची उष्णता ओढतो आणि पाण्यात परत मुरतो. या तत्त्वाचे सर्वांत सुटसुटीत रूप १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या क्रॉस्ली कंपनीने ‘आयसीबॉल’ नावाने विकले. दोन पोलादी गोळे आणि त्यांना जोडणारी एक वाकडी नळी, बस्स. एक गोळा रॉकेलच्या शेगडीवर तासदीड तास तापवायचा, दुसरा पाण्याच्या टबात बुडवायचा. मग सगळे उचलून गार गोळा पेटीत सोडायचा, की पेटी दिवसभर थंड. फिरणारा एकही भाग त्यात नव्हता. वीज न पोहोचलेल्या शेतांवर तो चालला आणि १९३० च्या दशकात खेड्यांत तारा पोहोचू लागल्या तसा मागे पडला. त्याच काळात स्वीडनमधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांच्या रचनेवर इलेक्ट्रोलक्सने वातीच्या ज्योतीवर चालणारे फ्रिज बनवले. पुढे दूरच्या दवाखान्यांत लशी ठेवायला ते कामी आले. वात नीट कापलेली हवी, ज्योत निळी हवी, फ्रिज पाणसळीत समतल हवा. यातले एक चुकले तर काजळी धरे आणि लस बिघडे. आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनीही १९२६ पासून काही वर्षे फिरत्या भागांविना चालणाऱ्या फ्रिजवर काम केले. गळक्या फ्रिजमधल्या विषारी वायूने बर्लिनमधले एक कुटुंब गेल्याची बातमी त्यांनी वाचली होती. ही बातमी या परंपरेच्याही धोक्याची आठवण देते. अमोनिया दाबाखाली असतो, गळला तर डोळे आणि फुप्फुसे जाळतो. घरी नळकाम करून असे यंत्र जोडण्याचा मोह कोणी धरू नये, म्हणून या पुस्तकात त्याची कृती दिलेली नाही.

आता ऊब. इथे माणसाने पहिल्यांदा आगच छोटी केली. काश्मीरची कांगडी त्याचा सर्वांत देखणा नमुना. मातीचे वाडगे, त्याभोवती विलोच्या लवचीक फांद्यांची वीण, धरायला कड्या, आणि निखारे हलवायला सोबत बांधलेला छोटा चमचा. चरार-ए-शरीफ आणि बांदीपोऱ्याची कांगडी नावाजलेली. चिनारच्या पानांचा कोळसा तळाशी, वर राखेचा थर. राख जाड असेल तितकी हवा कमी पोहोचते आणि निखारा तास न् तास मंद राहतो. चमच्याने राख जराशी बाजूला केली की ऊब वाढते. फेरन या सैल काश्मिरी अंगरख्याच्या आत ही कांगडी घेऊन माणसे चालतात, बसतात, काम करतात. दिवसाला मूठभर कोळशात एवढी सोय दुसऱ्या कशानेच होत नाही. तिची किंमतही नोंदलेली आहे. पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीवर वर्षानुवर्षे धग बसल्याने होणारा कर्करोग डॉ. एल्मस्ली यांनी १८६६ मध्ये नोंदवला. पुढे श्रीनगरच्या मिशन रुग्णालयात डॉ. अर्नेस्ट नेव्ह यांनी त्यावर दीर्घ काम केले.

याहून मोठा धोका दिसत नाही आणि त्याला वासही नाही. राखेखाली मंद जळणारा निखारा अपुऱ्या हवेमुळे कार्बन मोनॉक्साइड सोडतो. धूर नसलेला, लालबुंद, स्वच्छ दिसणारा कोळसा सुरक्षित, ही समजूत जीव घेते. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत बाजेखाली शेकशेगडी ठेवून, थंडी नको म्हणून दारे-खिडक्या लावून घेण्याची रीत होती आणि काही घरांत अजूनही आहे. ओवा-वावडिंगाच्या धुरीमागची माया मी समजू शकतो. पण बंद खोली आणि निखारे यांची जोडी कुठल्याही कारणाने करू नये. या बाबतीत पुस्तकाने कुठेही मवाळ भाषा वापरलेली नाही, आणि ते योग्य आहे.

ज्वालेशिवाय ऊब देण्याचा रस्ता हम्फ्री डेव्ही यांनी १८१७ मध्ये दाखवला. इंधनाच्या वाफेत धरलेली तापलेली प्लॅटिनमची तार ज्योत नसतानाही लाल होऊन राहते. जपानात निइची माटोबा यांनी १९२३ मध्ये याच तत्त्वावर खिशात मावणारे उबेचे डबीएवढे यंत्र बाजारात आणले. पेट्रोलजातीचे थोडे इंधन त्याला दिवसभर पुरते. नंतर लोहचूर्णाच्या पुड्या आल्या. हवा लागली की लोखंड गंजते, आणि गंजणे ही मंद आगच. माझ्या मते या सगळ्यांत सोडियम अॅसिटेटची पिशवी सर्वांत विलक्षण. ५८ अंशांवर वितळलेला हा क्षार सावकाश निवू दिला तर खोलीच्या तापमानालाही द्रवच राहतो. आतली धातूची चकती टिचकवली की क्षणात गोठू लागतो आणि साठवलेली उष्णता परत देतो. इतर सर्व साधनांत साठवलेली ऊब वाटेत गळत असते. इथे ती महिनोन् महिने थंडगार पिशवीत झोपून राहते. उकळत्या पाण्यात ठेवली की पिशवी पुन्हा तयार.

आणि ऊब तयार करण्याआधी ती सांभाळणे आहेच. धनगराची घोंगडी, आजीची गोधडी, जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये केलेली निर्वात बाटली, गवताने भरलेली स्वयंपाकाची पेटी. भात एकदा उकळवून अशा पेटीत ठेवला तर इंधनाशिवाय शिजतो. लडाखमध्ये सोनम वांगचुक यांनी २०२१ मध्ये सैनिकांसाठी सुटे भाग खांद्यावरून नेता येतील असा तंबू दाखवला. बाहेर उणे १४ अंश असताना रात्री दहा वाजता आत १५ अंश होते, ते दिवसाच्या उन्हावर. सर्वांत हलके, सर्वांत खात्रीचे उबेचे साधन मात्र माणसाचे शरीर. बोगोटाच्या एका रुग्णालयात १९७८ मध्ये पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली. आज जगभर ती मान्य पद्धत आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या आरोग्यदूत बायांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला उबेत ठेवणे हा त्या कामाचा एक महत्त्वाचा भाग होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनी अर्भकमृत्यूकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

ऊब आणि गारवा ही दोन्ही शास्त्रे लशीच्या पेटीत एकत्र येतात. १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली, तेव्हा लस बगदाद-बसऱ्याहून माणसाच्या दंडातून दंडात अशी आली होती. उष्णतेपासून ती वाचवायला जिवंत शरीर हीच पेटी होती. आज बहुतेक लशींना २ ते ८ अंश लागतात. उपकेंद्रापासून पाड्यापर्यंत ती जबाबदारी एका निळ्या पेटीवर आणि चार बर्फाच्या चपट्या डब्यांवर असते. नवख्याला वाटते की डबे जितके गोठलेले तितके चांगले. अनुभवी परिचारिका गोठलेले डबे टेबलावर मांडून थांबते. त्यांना घाम येऊ देते. एक डबा कानाशी धरून हलवते. आत पाण्याचा खळखळाट ऐकू आला की मगच डबे पेटीत भरते. कारण पंचगुणी (पेंटाव्हॅलंट), धनुर्वाताची किंवा हिपॅटायटिस-बीची लस एकदा गोठली की निकामी होते, आणि नुसती बाटली पाहून ते कळत नाही. गारव्याच्या साखळीत जास्तीचा गारवाही शत्रू असतो. हे तिला पाठ आहे, आणि ते कुठल्याही यंत्राइतकेच मोलाचे ज्ञान आहे.

याच क्षेत्राने आणखी एक वाट दाखवली: गारव्याची गरजच काढून टाकणे. देवीची लस १९५० च्या दशकात गोठवून वाळवता येऊ लागली. उष्ण प्रदेशांत शीतपेटीविना फिरणारी ती पूड नसती, तर १९८० मध्ये देवीच्या उच्चाटनाची घोषणा होणे कठीण होते. आपली वाळवणे, सुकट, सुके बोंबील यांच्यामागेही हाच विचार आहे. गारवा कसा द्यायचा, या प्रश्नाआधी तो लागतो का, हे विचारावे.

हे सगळे आज का वाचायचे? जगात अजून सुमारे ६७ कोटी माणसांच्या घरी वीज नाही, हे एक कारण. आपल्यापुरते बोलायचे तर तार आलेल्या गावातही वीज जाते, आणि जाते ती नेमकी संकटात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांत आठवड्यांच्या आठवडे वीज नव्हती. त्याआधीच्या वर्षी कोल्हापूर-सांगलीच्या पुरात लाखो माणसे घराबाहेर होती. तिसरे कारण अधिक गंभीर. माणसाचे अंगही घाम उडवूनच गार होते, म्हणजे माठाची मर्यादा आपल्यालाही लागू आहे. ओल्या फडक्याचा पारा ३५ अंशांवर गेला तर सावलीत बसलेला निरोगी माणूसही फार तास तग धरू शकत नाही, असे २०१० पासून मानले जात होते. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगांनी तरुण, धडधाकट माणसांसाठीही ही रेषा ३१ च्या आसपास आणून ठेवली. किनाऱ्यावरच्या बांधकाम मजुराला, भातलावणी करणाऱ्या बाईला ओल्या पंचाचा उपयोग कधी संपतो आणि बर्फाची गरज कधी सुरू होते, हा आता जगण्यामरण्याचा प्रश्न आहे.

‘सौर पॅनेल स्वस्त झाले, मग हे जुने कशाला?’ असे विचारणारे मित्र आहेत, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. बॅटरीऐवजी बर्फात थंडी साठवणारे सौर फ्रिज आज दुर्गम दवाखान्यांत उत्तम काम करतात. पण तेही साठवणीच्याच परंपरेचे वंशज आहेत, आणि फ्रिजपासून पाड्यापर्यंतचा शेवटचा टप्पा अजून पेटीनेच पार होतो. दुसऱ्या बाजूला ‘आजीचे तेच खरे’ म्हणणारे आहेत. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण कांगडीचे व्रण आणि बंद खोलीतली शेगडी त्यांच्याही समोर ठेवावी लागते. मी या दोन्ही बाजूंकडे एकच मागणी करतो: मोजा. किती अंश, किती तास, किती वजन, किती खर्च, आणि चुकले तर काय.

या पुस्तकाने हीच शिस्त पाळायचा प्रयत्न केला आहे. प्रत्येक साधनाबरोबर ते कोणत्या हवेत चालते आणि कोणत्या हवेत नाही हे दिले आहे. ते वापरणाऱ्यांचे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण कुंभार, कुल्फीवाला आणि परिचारिका यांच्या बोलण्यात पाठ्यपुस्तकाने न टिपलेले बारकावे असतात. जिथे आग, दाब किंवा विषारी वायू आहे तिथे आधी धोका आणि नंतर उपयोग असा क्रम आहे. अभियंत्याला काही ठिकाणी गणित थोडके वाटेल, आणि इतिहासप्रेमीला चीन आणि अँडीज पर्वतातल्या परंपरांची उणीव जाणवेल. त्या पुढच्या खंडासाठी राखल्या आहेत.

वाचकाने सुरुवात कुठूनही करावी. फक्त त्याआधी एक साधा थर्मामीटर घ्यावा, त्याच्या फुग्याला मलमलीचे ओले फडके बांधावे, पाच मिनिटे पुठ्ठ्याने वारा घालावा आणि आकडा लिहून ठेवावा. सकाळी, दुपारी आणि रात्री, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात. आपल्या गावाचे असे टिपण जवळ असले, की पुढच्या पानांतले कोणते साधन आपल्या कामाचे आहे हे वाचकाला स्वतःच ठरवता येईल.